वालधुनीच्या वतीने सही कोण करणार?

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १०६०. आपल्या कायद्यात प्रतिष्ठापना झालेल्या देवाला 'विधिक व्यक्ती' मानतात. देवाच्या नावावर जमीन असते, देव कोर्टात दावा लावतो आणि त्याच्या वतीने वहिवाटदार किंवा एखादा भक्त सही करतो. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली हे तत्त्व मान्य केलं आणि २०१९च्या अयोध्या निकालात रामलल्ला स्वतः पक्षकार होते. याच मंदिराला लागून वाहणारी वालधुनी मात्र कायद्याच्या नजरेत कुणीच नाही. आनंदनगर एमआयडीसीतल्या कुठल्याही प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला नाव असतं, पॅन असतो, बँकेत खातं असतं, वकील असतो. वालधुनीकडे यातलं काहीही नाही. तिच्यात रसायन सोडलं तर तक्रार रहिवाशाने करायची, दंड प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा राष्ट्रीय हरित लवादाने ठरवायचा आणि पैसे भरले गेलेच तर ते सरकारी खात्यात जायचे.

नदीला, डोंगराला, तलावाला स्वतःचे कायदेशीर हक्क असावेत ही मागणी आता जगात नवीन राहिलेली नाही. इक्वेडोरने २००८ साली ती थेट राज्यघटनेत लिहिली. न्यूझीलंडने २०१७ साली वांगानुई नदीसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडेही उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये गंगा-यमुनेला 'जिवंत व्यक्ती' ठरवलं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरमध्ये कुणाला अशी मोहीम हातात घ्यायची असेल, तर तिची सुरुवात कुठून करावी आणि कुठे सांभाळून राहावं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पहिली गोष्ट: 'जिवंत व्यक्ती' या पदवीच्या मागे लागू नका. गंगा-यमुनेच्या निकालाचं काय झालं ते आधी वाचा. न्यायालयाने नदीचे पालक म्हणून 'नमामि गंगे'चे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता यांना नेमलं. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध नदीला दाद मागावी लागणार, त्याच सरकारचे अधिकारी नदीचे पालक. ते राज्य सरकारच थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याचं म्हणणं असं की गंगा अनेक राज्यांतून वाहते, मग एका राज्याचे अधिकारी तिचे पालक कसे होणार? शिवाय पूर आला आणि लोकांनी नदीवरच नुकसानभरपाईचा दावा लावला, तर पैसे कोण भरणार? ७ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. निकाल गाजला, पण गंगेच्या पाण्यात त्याने काही बदललं नाही.

या दोन आक्षेपांची उत्तरं ज्याच्याकडे तयार असतील, त्यानेच ही मोहीम सुरू करावी. आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे.

उल्हास की वालधुनी?

कुणालाही आधी उल्हास नदीच सुचेल. ती मोठी आहे, राजमाचीच्या डोंगरातून कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणच्या खाडीला येते. बदलापूर बॅरेजचं पाणी बदलापूर-अंबरनाथ पितात, खाली मोहिली, शहाडवरून आणखी शहरं पितात. उल्हासनगरचं तर नावच तिच्यावरून पडलं. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं तेव्हापासून ही नदी त्याच्या पाटीवर आहे. सह्या गोळा करायच्या तर उल्हासच्या नावावर सहज मिळतील.

तरीही माझं मत आहे की सुरुवात वालधुनीपासून करावी. उल्हासमध्ये उन्हाळ्यात दिसणारं पाणी बऱ्याच अंशी भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सोडलेलं असतं. ते येतं आंध्रा धरणातून, म्हणजे भीमा-कृष्णा खोऱ्यातून. 'उल्हासला वाहण्याचा हक्क द्या' असं म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुणे-सोलापूरचे लोक दारात उभे राहतील, आणि कृष्णेचं पाणी हा आंतरराज्य लवादाचा विषय आहे. पहिल्याच वर्षी एवढं ओझं उचलू नये.

वालधुनीचं सगळं काही ठाणे जिल्ह्यात आहे. काकोळ्याच्या डोंगरात उगम, तिथेच जीआयपी रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं धरण, मग अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण आणि खाडी. राज्य एक, जिल्हा एक. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे आणि केंद्राचा अधिकार येतो तो आंतरराज्य नद्यांपुरता. म्हणजे वालधुनीसाठी कायदा करायला महाराष्ट्राच्या विधानमंडळाला दिल्लीकडे बघायची गरज नाही. उत्तराखंडचा पहिला आक्षेप इथे लागूच होत नाही. अडचण एकच: उगमावरचं धरण रेल्वेचं, म्हणजे केंद्राचं आहे. म्हणून प्रवाहाची मागणी करताना पहिल्या पत्रापासून मध्य रेल्वेलाही प्रत पाठवत राहा.

बदलापूरकरांना यात आपलं काय असं वाटेल. वालधुनी त्यांच्या शहरातून जात नाही, हे खरं. पण एकदा नमुना तयार झाला की तोच उल्हासला लागू करायचा आहे आणि तो त्यांनाच लिहायचा आहे. शिवाय पूररेषेचा अनुभव बदलापूरकरांइतका कुणालाच नाही.

कागद गोळा करा

मोहीम म्हटलं की लोक फलक रंगवायला घेतात. त्याआधी एक फाईल तयार करा. फाईलमध्ये पहिलं पान जुलै २०१५चं लावा. 'वनशक्ती' या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड लावला होता. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे आदेश, त्यावरची प्रतिज्ञापत्रं, मंडळाचे अहवाल सगळं सार्वजनिक आहे. तुम्हाला काही नव्याने सिद्ध करायचं नाही. नदीवर अन्याय झाला हे लवादाच्या नोंदीवर आहे. नदी त्या प्रकरणात पक्षकार नव्हती, एवढंच तुम्हाला दाखवायचं आहे.

दुसरं पान नोव्हेंबर २०१४चं. टँकरने वालधुनीत रसायन ओतलं, वायू पसरला आणि उल्हासनगरचे शेकडो लोक रात्रीत रुग्णालयात दाखल झाले. त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांची कात्रणं वाचनालयात मिळतील. अशा फाईलला दहा निबंधांपेक्षा जास्त वजन असतं.

तिसरं पान शहराच्या विकास आराखड्याचं. त्यात वालधुनी 'नदी' म्हणून दाखवली आहे की 'नाला' म्हणून, हे प्रत्येक टप्प्यावर तपासा. हा शब्दांचा खेळ नाही. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत नाल्यापासून ९ मीटर आणि नदीपासून १५ मीटर अंतर सोडून बांधकाम करायचं असतं. फरक सहा मीटरचा. दोन्ही काठांचा मिळून हिशेब केला तर किती जमीन होते ते तुम्हीच मोजा, म्हणजे काही जणांना 'नाला'च का आवडतो तेही कळेल. आराखडा सुधारला जात असेल तर हरकती-सूचनांची मुदत असते. त्या मुदतीत दिलेली हरकत आणि तिच्यावरचा पोचशिक्का हा तुमच्या मोहिमेचा पहिला खरा पुरावा.

बाकीचं माहिती अधिकारात मागवा. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, त्यामुळे 'नदीबद्दलची सर्व माहिती द्या' असला अर्ज करू नका, तो परतच येतो. असं विचारा: शहरात रोज किती सांडपाणी तयार होतं, त्यापैकी किती प्रक्रिया होऊन सुटतं, किती नाले थेट वालधुनीत मिळतात, त्यांची यादी आणि नकाशा द्या. हेच चार प्रश्न अंबरनाथ नगर परिषद, उल्हासनगर महापालिका आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेला वेगवेगळ्या अर्जांत विचारा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याणच्या प्रादेशिक कार्यालयाला सीईटीपीच्या, म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या, तपासणी अहवालांच्या प्रती मागा.

नमुने स्वतः घ्यायची हौस अनेकांना असते. घ्या, शिकायला बरं. बाटली पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर विद्राव्य ऑक्सिजनचा आकडा खोटा येतो. लेबलवर जागा, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव. बर्फाच्या पेटीत त्याच दिवशी प्रयोगशाळेत. पण कोर्टात तुमच्या नमुन्याला समोरचा वकील दोन मिनिटांत उडवतो. त्यापेक्षा मंडळाला लेखी कळवून त्यांच्या अधिकाऱ्यासमोर संयुक्त नमुना घ्यायला लावा. जल अधिनियम १९७४ मध्ये नमुना कसा घ्यायचा याची पद्धतच लिहिलेली आहे आणि तिच्याप्रमाणे घेतलेला नमुनाच टिकतो. आणि रात्री टँकर दिसला तर तो अडवायला जाऊ नका. गाडीचा नंबर, जागा, वेळ लिहा, लांबून फोटो काढा आणि ११२ला फोन करा.

ठराव कसा लिहावा

कॅनडात २०२१ साली मॅगपाय नदीसाठी एक साधी युक्ती केली गेली. तिथल्या प्रादेशिक नगरपालिकेने आणि इन्नू आदिवासींच्या परिषदेने एकाच आशयाचे दोन ठराव केले आणि नदीचे नऊ हक्क लिहून काढले. आपल्याकडे नगर परिषदेला किंवा महापालिकेला कुणालाही विधिक व्यक्ती ठरवण्याचा अधिकार नाही, हे स्वच्छ समजून घ्या. तसा दावा ठरावात केलात तर तो पहिल्याच फटक्यात रद्द होईल. ठरावाचं काम वेगळं आहे: राज्य सरकारकडे शिफारस करणं, आणि तोपर्यंत आपल्या अधिकारातल्या गोष्टी स्वतःवर बंधनकारक करून घेणं. तिन्ही संस्थांमध्ये शब्द न् शब्द सारखा ठराव झाला तर मंत्रालयात त्याला किंमत येते.

मसुदा साधारण असा ठेवता येईल: 'वालधुनी नदी उगमापासून खाडीपर्यंत एक आहे. तिला वाहण्याचा, आपल्या पात्रात व काठावर अतिक्रमण न होण्याचा, प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यापासून मुक्त राहण्याचा आणि झालेल्या हानीची भरपाई स्वतःच्या पुनरुज्जीवनासाठी मिळण्याचा हक्क असावा, अशी ही सभा राज्य शासनाकडे शिफारस करते. नदीच्या वतीने दाद मागण्यासाठी पालक मंडळ नेमावे. त्यातील निम्म्याहून अधिक सदस्य शासकीय सेवेतील नसावेत. ही संस्था आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात वालधुनीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडेल आणि नदीकाठच्या प्रत्येक कामाच्या मंजुरीपूर्वी पालक मंडळाचे लेखी मत घेईल.'

यातलं लेखाशीर्षाचं वाक्य कुणी खोडायला सांगेल. 'बाकी सगळं ठेवू, तेवढं काढा' म्हणतील. तेवढं काढू देऊ नका. हक्कांची यादी मोफत असते, त्यामुळे ती सगळ्यांना मान्य होते. वांगानुईचा कायदा उभा राहिला तो तीन कोटी न्यूझीलंड डॉलरच्या निधीवर आणि दोन पालकांवर. एक पालक सरकारने नेमलेला, एक माओरी जमातींनी.

शब्द मोजूनमापून वापरण्याचं दुसरंही कारण आहे. अमेरिकेत टोलेडो शहराने फेब्रुवारी २०१९ मध्ये मतदान घेऊन ईरी सरोवराला हक्क दिले. वर्षभरात न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कारण त्यातली भाषा मोघम होती, कुणी काय केलं की हक्कभंग होतो हेच त्यातून कळत नव्हतं. 'निसर्गाशी सुसंवाद', 'नदीमातेचा सन्मान' हे भाषणात छान वाटतं. ठरावात पात्राची रुंदी, नाल्यांची नावं, पाण्याच्या दर्जाचं मानक लिहा.

पुराचा प्रश्नही मसुद्यातच सोडवा, कारण तो येणारच. २६ जुलै २००५ इथे कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ला उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. उद्या नदीला व्यक्ती म्हटलं तर पूरग्रस्त तिच्यावर केस करतील का, असं कुणीतरी सभेत हसत हसत विचारेलच. उत्तर असं: पालकांवर आणि नदीच्या निधीवर पुराच्या नुकसानीची जबाबदारी येणार नाही, असं कलम स्पष्ट घाला. आणि उलटही विचारा: निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, बांधकामाला परवानगी कुणी दिली?

सभेनंतर

ठराव झाला की तो स्थानिक आमदारांकडे न्या. अंबरनाथ आणि उल्हासनगर हे दोन वेगळे मतदारसंघ, बदलापूर मुरबाडमध्ये येतं. शिवाय कल्याणचे आमदार वेगळे. अशासकीय विधेयक मांडण्याची विनंती करा आणि त्याच वेळी विधानमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे सह्यांसह अर्ज द्या. अशासकीय विधेयकं क्वचितच मंजूर होतात हे खरं, पण ती मांडली की सरकारला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. स्पेनमध्ये मार मेनोर या खाऱ्या सरोवरासाठी तेरेसा विसेंते या कायद्याच्या प्राध्यापिकेने पुढाकार घेतला, सहा लाखांहून जास्त सह्या जमल्या, २०२२ साली संसदेने कायदा केला आणि तो तिथल्या घटना न्यायालयातही टिकला. आपल्याकडे सह्यांवरून कायदा करण्याची तशी तरतूद नाही, पण प्रभागवार मोजलेल्या सह्या आमदाराला बरोबर कळतात.

कोर्टाचा रस्ता दुसरा. लवादात विधिक व्यक्तीचा दर्जा मागू नका, तो त्याच्या अधिकारात नाही. लवादाचा उपयोग चालू प्रदूषण थांबवण्यासाठी करा. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये, वकील सक्तीचा नाही, पण घटनेपासून सहा महिन्यांची मुदत काटेकोर पाळतात. दर्जा मागायचा तर मुंबई उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६खाली जनहित याचिका. तिथे सुखना तलावाचा २०२०चा पंजाब-हरियाणाचा निकाल आणि निसर्गालाच जिवंत मानणारा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाचा २०२२चा निकाल वकिलाला दाखवा. मात्र आधी सरकारकडे रीतसर मागणी केल्याचा कागद हवा, तो नसेल तर याचिका दारातूनच परत येते. म्हणून ठराव आधी.

लोकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वालधुनीच्या काठावर हजारो कुटुंबं झोपड्यांत राहतात. नदीचा हक्क म्हटलं की पालिकेला पहिला आठवतो तो बुलडोझर, आणि तो जातो झोपडीकडे, नदीत भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतीकडे नाही. मसुद्यात पुनर्वसनाशिवाय कुणाला हलवू नये हे लिहा, नाहीतर काठावरचे लोक तुमच्या विरोधात जातील आणि त्यांचं बरोबर असेल. जीन्स धुलाईचंही तसंच. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधले हे कारखाने न्यायालयाच्या दट्ट्याने बंद झाले, तेव्हा कामगारांचा रोजगार गेला आणि बरेचसे कारखाने आसपासच्या गावांत सरकले. पाणी एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात गेलं, बस. कामगारांना मोहिमेत घ्या. रंग कुठून सुटतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आणि उल्हासनगरमध्ये पत्रकं फक्त मराठीत काढू नका. सिंधी समाज झुलेलालला, म्हणजे जलदेवतेला मानतो. चालिहोचे चाळीस दिवस पाळतो, बहराणा पाण्यात सोडतो. नदीला हक्क असतो हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मात्र मागणीचा पाया श्रद्धेवर ठेवू नका. काठावर बौद्ध आहेत, मुस्लिम आहेत, कशालाच न मानणारेही आहेत. कंपनीला जशी कायद्याची ओळख आहे तशी नदीला द्या, ही मागणी सगळ्यांना सारखीच पटते.

एकट्याने सुरू करायचं असेल तर येत्या सोमवारी दहा रुपयांचा स्टॅम्प घ्या आणि आपल्या शहराच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्या: वालधुनीत थेट मिळणाऱ्या नाल्यांची यादी व नकाशा मिळावा. पोच घ्यायला विसरू नका.